कोठीत लपवलेलं सरकारी पत्र

ज्वारीच्या कोठीत वाळलेला कडुलिंबाचा पाला टाकताना त्याचा कडू वास नाकात गेला, की मला ते सरकारी पत्र आठवतं. आमचे हे हवाई दलाच्या मालवाहू विमानांच्या तुकडीत होते; बर्फातल्या ठाण्यांवर पॅराशूटनं रेशन टाकायचे. निवृत्त होऊन सास्तूरला आले, तरी दोन वर्षं नाव राखीव यादीत होतं. बोलावणं आलं की जायचं. त्यातच टीव्हीवर सीमेवरच्या बातम्या सुरू झाल्या. एका दुपारी हे रानात असताना पोस्टमन आला आणि म्हणाला, "वहिनी, दिल्लीचं हाय, सही करा." मला वाटलं, बोलावणंच आलं. पाकीट न फोडताच मी ते कोठीत ज्वारीखाली खुपसलं. हे रोज घरी येऊन विचारायचे, "टपाल आलं का?" मी न्हाय म्हणायचे आणि भाकरी थापत राहायचे. चौथ्या दिवशी दळणाला ज्वारी काढायला ह्यांनीच कोठीत हात घातला. मी दाराला धरून उभी राहिले. पत्र वाचून हे म्हणाले, "यादीतून नाव काढलंय. आता बोलावणार न्हाईत." मी म्हणाले, "सुटलो की ओ." खाटेखालून त्यांनी एक बॅग ओढली आणि तिच्यातले घडी घातलेले कपडे, पॉलिश केलेले बूट एकेक करून बाहेर काढले. ती बॅग त्यांनी कधी भरली होती, मला ठाऊकच नव्हतं. आता गावावरून जड विमान गेलं, की मी आभाळाकडं बघत नाही, ह्यांच्याकडं बघते.