थांबाबाई

भिवंडीत घाई न करणारं माणूस मी एकच पाहिलं. निजामपुऱ्यातल्या एका छोट्या नर्सिंग होमच्या त्या हेड सिस्टर. खाली गल्लीत लूमचा खडखडाट, रिक्षांचे हॉर्न, शिफ्ट गाठायला पळणारी माणसं, आणि वरच्या मजल्यावर या बाई हात वर करून म्हणायच्या, "थांबा." पेशंटला थांबा, नातेवाइकांना थांबा, डॉक्टरांनाही थांबा. सगळा वॉर्ड मागून त्यांना थांबाबाई म्हणायचा. त्यांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं.

सलाइनच्या नळीला वेग कमीजास्त करायचं एक छोटं चाक असतं. ड्युटीवर जायची घाई झालेले नातेवाईक ते गुपचूप फिरवत. एका लूमवाल्याला त्यांनी रंगेहाथ पकडलं. "भाईजान, ये तुम्हारा लूम नहीं है, कि जितना भगाओ उतना कपड़ा निकले!" असं सुनावून त्यांनी त्याचं स्टूल उचललं आणि पार दाराशी नेऊन ठेवलं. तो बिचारा तिथूनच बायकोकडे बघत बसला.

औषधांच्या फ्रिजवर तर त्यांचंच राज्य. लाइट गेले की कोणी दार उघडू नये म्हणून त्या फ्रिजला पाठ लावून उभ्या राहत. खुद्द डॉक्टरांनी आत ठेवलेला आमरस त्यांनी एकदा बाहेर काढला. "डॉक्टर, आमरस खराब झाला तर दुसरा करता येतो," म्हणाल्या. डॉक्टर डबा घेऊन घरी गेले.

आमचा त्यांच्याशी संबंध आला तो माझ्या धाकट्या भावामुळे, दत्तूमुळे. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा आईनं आपली एक त्याला दिली. मुंबईत ऑपरेशन झालं, पोरगा घरी आला, आम्ही पेढे वाटले. पण परकी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, आणि ती संधी साधून एका व्हायरसनं डोकं वर काढलं. ताप हटेना. मुंबईच्या डॉक्टरांनी व्हायरसच्या औषधाला आणखी एका औषधाची जोड दिली. दुसऱ्या माणसांच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिकारशक्ती, बाटलीत भरलेली, शिरेतून द्यायची. पहिला डोस तिथेच झाला, पुढचे घराजवळ घ्या म्हणाले. मात्र बजावलं की हे घाईनं चढवलं तर नव्या किडनीलाच इजा होईल. आईनं दिलेली ती एक किडनी. ती गेली तर दुसरी कुठून आणायची?

दत्तूला थांबाबाईंच्या वॉर्डात ठेवलं आणि मुंबईहून बाटली आणायला मामा गेला. अंजूरचा आमचा हा मामा, जन्म खाडीवर मीठ आणि मासळी विकण्यात गेलेला. औषध थंड ठेवायचं, एवढंच त्यानं ऐकलं होतं. त्यानं मासळीची पेटी नेली, बर्फ भरला, बर्फावर खडेमीठ पसरलं आणि मधोमध बाटली पुरली. थांबाबाईंनी ती पुसून उजेडात धरली. मिठानं बर्फ आणखी गार होऊन आतलं औषध गोठून पांढरं झालं होतं.

"हे नाही चढवायचं," त्या म्हणाल्या.

"आवो बाई, मीठ मारलं का बरफ घट ऱ्हातं," मामा कौतुकानं सांगू लागला. "म्हावरं दोन दिस टिकतंय, ही तं बाटली हाय! उनात ठेवा, आत्ता इरघळंल."

"मामा, थांबा. याला गारवा लागतो, पण गोठलं की ते बिघडलं. विरघळल्यावर चांगलं दिसेल, पण चांगलं असणार नाही."

मामा जिन्यात जाऊन बसला आणि लहान मुलासारखा रडला. आत दत्तू तापानं फणफणलेला आणि या बाई हातातलं औषध देत नाहीत! मला त्यांचा भयंकर राग आला. पण डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि दुसऱ्या बाटलीसाठी मुंबईला फोन लावला. दुसऱ्या दिवशी ती मी आणली, थांबाबाईंनी शिकवल्याप्रमाणे कापडात गुंडाळून, बर्फ बाटलीला लागू न देता.

त्यांनी ती टेबलावर ठेवून आधी गारवा जाऊ दिला. "हलवू नका, फेस होतो," मला दटावलं. आत काही तरंगत नाही ना ते पाहिलं, ब्लडप्रेशर घेतलं, मागच्या डोसला काही त्रास झाला होता का ते आईला पुन्हा विचारलं, आणि अगदी संथ सुरुवात केली. मामा आता चाकाची राखण करत बसला. जवळ येणाऱ्या प्रत्येकावर डोळे वटारायचा. थोड्या वेळानं दत्तूला हुडहुडी भरली, पाठ दुखू लागली. बाईंनी आधी थेंब बंद केले, मग डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पोरगा शांत झाला, आणि मग पहिल्याहून संथ गतीनं बाटली पुन्हा सुरू झाली. ती संपेपर्यंत बाई पलंगापासून हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत किडनी ठणठणीत निघाली.

थांबाबाई पुढे अंबाडीला मुलाकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यांची आठवण निघाली की माझ्या डोळ्यांपुढे शेवटच्या डोसचा दिवस येतो. ताप केव्हाच उतरला होता. डॉक्टर म्हणाले, आता पुरे. बाईंनी सुई काढली, कापूस दाबून धरला, आणि एकाएकी आईशेजारी मटकन बसल्या.

"वहिनी, हे औषध मी पहिल्यांदाच देत होते हो," त्या म्हणाल्या. "दर वेळी घरून निघताना देवापुढे दिवा लावून यायचे."

आईनं त्यांना जवळ ओढलं. "मना ठावं हुतं," ती म्हणाली. "तुमचं हात बघत हुते ना मी, एकेक गोष्ट दोनदोनदा तपासायचे."

दोघी गळ्यात गळा घालून रडू लागल्या, आणि पलंगावरून दत्तू ओरडत होता, "मला भूक लागलीय, कोणी खायला देणार हाय का न्हाय?"