ताटावरचा चमचा

वासुभाऊ खुर्चीत कधी पूर्ण बसलेच नाहीत. कडेला टेकायचे, एक पाय आतल्या दाराकडे. जळगाव जामोदला त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही दोघं कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचो. आत त्यांची माय अंथरुणाला खिळलेली, वाचा गेलेली. काही लागलं की ती ताटावर चमचा वाजवायची. चमचा वाजला की भाऊ अर्धा शब्द तिथेच टाकून आत. त्यांच्याशी सलग बोलायचं म्हणजे वैताग होता नुसता.

पण उठण्याआधी बोटं कीबोर्डवर एकदा फिरायचीच. काम सेव्ह केल्याशिवाय ते उठत नसत.

कापसाच्या वजनकाट्याचा प्रोग्राम मी लिहिला होता. काट्याकडून वजन येईपर्यंत तो वाट बघत राही. गाडी आलीच नाही, तर काट्यावरचा माणूस प्रोग्राम थांबवायला कंट्रोल-सी दाबून दाबून थके आणि शेवटी कॉम्प्युटरच बंद करी. पावतीची फाईल अर्धवट.

"भाऊ, थांबायचा सिग्नल मी पकडलाय की! तो आल्याची निशाणी प्रोग्राम करून ठेवतो," मी तावातावाने म्हणालो.

"निशाणी ठेवली, पन पाह्यते कोन बे? तो तं काट्याकडंच डोये लावून बसला! त्याले दोन्हीकडं कान दे. वजन आलं तरी उठला पाह्यजे, हाक आली तरी उठला पाह्यजे. अन् उठतानी आवरून..."

आत चमचा वाजला. भाऊ गेले. मी प्रोग्राम तसाच बदलला. मग एका कंट्रोल-सीला तो वाट बघणं सोडून, फाईल नीट मिटून बंद होऊ लागला.

पुढे एक मोठे जिनिंगवाले नवं काम बघायला आले. भाऊ रंगात येऊन सांगत होते, आणि मध्येच उठून आत गेले. मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. पाहुणे ताटकळले, चिडून निघून गेले. मायचा हात तिच्या शेवटच्या श्वासापर्यंत भाऊंच्या हातात होता.

"काम काय, परत चालू करता येते," नंतर एवढंच म्हणाले.

आता भाऊ खुर्चीत मागे टेकून बसू लागले. तासन्‌तास. मला ते बघवेना. मीच उगाच आतबाहेर करायचो. एका दुपारी डबा खाताना माझा चमचा झाकणाला लागला. भाऊंची बोटं फिरली, काम सेव्ह झालं, ते उठले. आतल्या दाराशी पोचले आणि चौकट धरून उभे राहिले.

तेव्हापासून मी वरणभातही हातानेच खातो.