झीरोखाली केलेली सही

पेपरच्या आतल्या पानावर बातमी होती: अतिवाहक पदार्थांच्या संशोधनाला मोठा विज्ञान पुरस्कार. फोटोत परदेशी प्रयोगशाळेतली तिघं हसत उभी. अतिवाहक म्हणजे ज्यातून वीज जराही अडथळा न होता वाहते, असं चौकटीत समजावलं होतं. मी जरा तोऱ्यातच वाचत होतो. बोरिवलीच्या कॉलेजात जन्मभर हेच तर शिकवलं. मग त्या पदार्थात काय काय मिसळलंय ते वाचलं आणि तीच ओळ पुन्हा वाचली. नेमक्या याच मिश्रणाची गोळी दहा वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत बनली होती.

"कोण गेलं?" बायकोने विचारलं. माझा चेहराच तसा झाला असणार.

गोळी बनवली होती माझ्या सहायक मुलीने. ती गोराईची, रोज बोटीने खाडी ओलांडून यायची. तासन्‌तास खलात पूड घोटायची, तिची गोळी दाबायची, भट्टीत भाजायची. मग गोळीला चार बारीक वायरी जोडून ती अतिथंड द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायची आणि मीटर बघायची; शून्य आला तर विजेला अडथळा नाही. एका संध्याकाळी ती धावतच माझ्या टेबलाशी आली.

"सर, झीरो आला! एकदम झीरो!"

"झीरो कसला येतोय? वायर सुटली असेल," मी मान वर न करता म्हणालो. नवशिक्यांची हीच फजिती होते. वीज नेणारी वायर सुटली तरी मीटर शून्यच दाखवतो. "बोट पकडायची घाई, मग वायरी अशाच जोडल्या जाणार! वहीत नोंद कर आणि नीघ."

ती वही घेऊन मीटरकडे परत गेली. दोन महिन्यांनी नोकरी सोडून मालाडच्या एका शाळेत शिकवायला लागली. संशोधन म्हणजे खायचं काम नाही, असं मी तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवलं होतं.

निवृत्त होताना जुन्या वह्या मी घरी आणल्या होत्या. स्टुलावर चढून माळ्यावरून त्या काढल्या. 'वायर सुटली' एवढे दोन शब्द सापडले की सुटलो, असं वाटत होतं. पान सापडलं. तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'व्होल्टेज शून्य. करंट तपासला, नीट वाहतोय. वायर सुटलेली नाही. तीनदा पाहिलं.'

खाली माझी लफ्फेदार सही.

मी स्टुलावरच बसलो. करंट वाहतोय म्हटल्यावर वायर सुटल्याच्या शंकेला जागाच उरत नाही. पण शनिवारी चहा पिता पिता मी आठवड्याभराच्या सह्या एकदम ठोकायचो. पुरस्कार आम्हाला मिळाला असता असं मी म्हणत नाही. एका गोळीने काही सिद्ध होत नसतं. पण ती गोळी पुन्हा बनवायला हवी होती. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तिला फोन लावला. शाळेत मधली सुट्टी होती, मागे पोरांचा गलका.

"वाचली बातमी, सर," तीच म्हणाली.

"अगं, तू वहीत सगळं लिहिलं होतंस. आज बघितलं. मी तेव्हा न वाचताच सही केली गं."

"न वाचता?"

शाळेची घंटा वाजली, तरी तिने फोन ठेवला नाही.

"मला वाटलं, तुम्ही वाचलंत, सही केलीत आणि तरी तुम्हाला पटलं नाही. म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार. म्हणून तर मी सोडलं ना, सर."