बर्फावरच्या गाड्या आणि आम्ही तिघं

ऐकायला कोणी नसलं की किस्से फार साठतात. मेलबर्नपासून चार तासांवर, डोंगरातल्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही रेसच्या स्नोमोबील बनवतो. माणसं तीन: मालक ब्रूस, रेसर केली आणि चाकणच्या स्कूटर प्लांटमधून आलेला मी. बायको प्राची आणि लेक इरा मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरात. हिवाळाभर मी इथे, आणि हा हिवाळा खायला उठतो.

* * *

गणपतीला एक दिवस घरी गेलो. आरतीला जमलेले सगळे आयटीवाले. एकाने विचारलं, "तू कुठल्या प्रोजेक्टवर?"

"मी बर्फावर चालणाऱ्या गाड्या बनवतो."

"ऑस्ट्रेलियात?" मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पण इथे कायम राहायला पीआर मिळालंय ना? मग झालं तर!"

मोदक मात्र त्याने आग्रहाने दोन जास्त वाढले.

* * *

या सीझनची नवी गाडी तयार झाली. आसपास कोणी नाही बघून मी बॉनेटवर ओल्या कुंकवाचं बोट लावलं. ब्रूसने ते पाहिलं आणि किंचाळला, "मेट, ऑइल लीक!"

त्याने बॉनेट उघडलं. एकेक पाइप तपासत बसला. हात चालू, तोंडही चालू. त्याचा घटस्फोट, माझं पुणं, सगळं निघालं. खरं सांगायला हवं होतं, कळतं मला. पण एरवी दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस दोन तास माझ्याशी बोलत होता! मी त्याला पुढचा पाना दिला.

* * *

तीच गाडी बाहेर काढताना चाकाखाली लिंबू ठेवायला गेलो. स्नोमोबीलला चाक कुठलं? पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा! शेवटी स्कीखाली ठेवलं. गाडी वरून गेली आणि लिंबू बर्फात रुतलं. अख्खंच्या अख्खं!

केलीने ते उकरून काढलं, धुतलं आणि चहात पिळलं. वर मलाच म्हणाली, "थँक्स, मेट!"

* * *

व्हिडिओ कॉलवर इराला वर्कशॉप दाखवत होतो. ती म्हणाली, "बाबा, व्हेअर आर द पीपल?"

मी कॅमेरा गाड्यांकडे वळवला.

"रेसला आम्ही येऊ, ओके? मग यू वोन्ट बी अलोन."

त्या दिवसापासून मी रेसचे नाही, त्यांच्या येण्याचे दिवस मोजत होतो.

* * *

रेसच्या सकाळी ब्रूसने फिनिश लाइनजवळ दोघींसाठी दोन खुर्च्या मांडल्या. तेवढ्यात प्राचीचा फोन आला, "इराला ताप आहे रे. नाही जमणार."

"नो वरीज," म्हटलं, फोन ठेवला आणि व्हॅनमागे जाऊन रडलो.

परत आलो तर प्राचीच्या खुर्चीत ब्रूस बसलेला. म्हणाला, "मेट, ती इथे असती तर आत्ता तुला काय म्हणाली असती?"

मी सांगितलं. त्याने ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, ओठ हलवत पाठ केलं. केली स्टार्ट लाइनवर गेली, इंजिनं गरजली. सगळे तिच्याकडे बघत होते. ब्रूस उभा राहिला, माझ्याकडे वळला आणि जिवाच्या आकांताने ओरडला,

"कानटोपी घातलीस का?"