लाकडी महालक्ष्म्यांचं कुंकू

आमच्या घरी लाकडाच्या पातळ पाट्या यायच्या, त्यांना जळका वास असायचा. लेझरच्या मशीनवर जाळून कापलेल्या. कमळ, मोर, छोटासा झुला, सगळं त्या पाटीतच अडकून बसलेलं. अंगठ्यानं हळूच दाबलं की तुकडा सुटून हातात यायचा आणि कडेची काजळी बोटांना लागायची. मग कडा काचकागदानं घासायच्या, पांढऱ्या रंगाचा एक हात द्यायचा, वाळला की बाकीचे रंग, आणि शेवटी गोंद लावून खाचेत खाच बसवायची. नांदेडातलाच एक दुकानदार माल पाठवायचा आणि तयार झाला की घेऊन जायचा. नवरा गेल्यावर मी हे काम धरलं. बाकीच्या बाया शिवणकाम करतात, पण सुई दिसली की माझं डोकं फिरतं.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहिल्या दिवशी पाटी हातात घेऊन उलटीपालटी केली. "हे कसलं लाकूड गं? भुसा दाबलाय निस्ता." नाक मुरडलं, आणि दुपारपर्यंत माझ्याहून नीट कडा घासायला लागल्या होत्या. हात रिकामा राहिला की लेक आठवतो, असं त्या कधी बोलल्या नाहीत, पण मला काय कळत नव्हतं? आम्ही दोघी समोरासमोर बसायचो, मधे जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं. कधीकधी दुपारची संध्याकाळ व्हायची.

आमच्याकडं महालक्ष्म्या बसतात. पितळेचे मुखवटे, आत्याबाईंच्या सासूच्या वेळचे. सासरे गेले तेव्हा आत्याबाई तरण्याच होत्या. त्या दिवसापासून त्यांनी मुखवट्यांना बोट लावलं नाही. आधी चुलतसासू येऊन महालक्ष्म्या आणायच्या, मी लग्न होऊन आल्यावर मी आणायला लागले. मी ताटात मुखवटे घेऊन दारातून आत यायची तेव्हा आत्याबाई चुलीपाशी भाकरी थापत असायच्या. दुसऱ्या दिवशीचं पुरण त्यांचं, सोळा भाज्या त्यांच्या, आंबील त्यांची, सगळ्या घराची कंबर मोडेल एवढं काम त्यांचं. पण देवी उंबरठ्यात आली की ही बाई आत. "बाहेर या ना," मी म्हणायची. "माझं काय काम तिथं?" एवढंच उत्तर, दरवर्षी तेच.

मग माझा नवरा गेला. छातीत कळ आली म्हणून खाली बसला तो उठलाच नाही. त्या वर्षी सण केलाच नाही. पुढच्या वर्षी श्रावणात लातूरहून धाकट्या जावेचा फोन आला. जाऊ वाईट नाही, पण जे बोलायचं ते सरळ तोंडावर बोलते. "अक्का, मुखवटे आमच्याकडं नेते म्हणते. तुमच्याकडं आता आणायला कोण हाय? सवाष्ण लागती न्हाई का? नेमाचं हाय, बंद पडू ने."

मी फोन आत्याबाईंच्या हातात दिला. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं हाय माय," म्हणाल्या. "सणाच्या आधी ये, घेऊन जा." फोन ठेवला आणि परत कडा घासायला लागल्या. माझ्या अंगाची आग झाली. नवरा गेला, त्याची शर्टं वाटून झाली, आता देवही उठून लातूरला चालला. मग या घरात माझं म्हणून राहणार काय, या जळक्या पाट्या?

"एकदा तरी न्हाई म्हणायचं होतं तुम्ही," मी म्हटलं.

"कोणत्या तोंडानं म्हणू?"

त्याच आठवड्यात दुकानदारानं नवा माल पाठवला. बघते तर काय, लाकडाच्या वीतभर महालक्ष्म्या! आराशीत पुढं मांडायला लोक घेतात म्हणे. जोडीजोडीनं जमवायच्या, रंगवायच्या. आत्याबाईंनी हिरव्या साड्यांना पिवळे काठ असे काढले की बघत राहावं. नथी झाल्या, डोळे झाले, मागचे टेकू बसले. कपाळं तेवढी कोरी.

"कुंकू राहिलं की," मी म्हटलं.

"ते आपुन न्हाई लावायचं." आणि उठून सरळ शेजारणीला हाक मारली!

शेजारीण कणकेचे हात धुऊन आली. "काकू, लाकडाला बी सवाष्ण लागती का?" म्हणून हसली. पण बसली आणि सगळ्यांना लाल टिकल्या देऊन गेली. पुढचा माल आला, तेव्हा परत तेच. मला हसू येत नव्हतं. मी बडबडले, "लाकडाला काय कळतंय? भुसा दाबलाय, तुम्हीच म्हणला होता ना?"

"लाकडाला न्हाई कळत. पण ते जातंय कुणाच्या तरी घरात. कुणाच्या भरल्या घरात आपलं बोट नगं."

आपलं, म्हणाल्या. त्यांचं आणि माझं. एवढी वर्षं ही बाई पोटभर जेवू घालत आली आणि स्वतःच्या बोटाला विष समजत आली. आता माझंही बोट त्यातच.

शेवटचा माल तयार झाला त्या दिवशी शेजारणीच्या वडिलांना दवाखान्यात ठेवल्याचा निरोप आला. ती सकाळच्याच एसटीनं अहमदपूरला गेली. दुपारी दुकानदाराचा फोन, संध्याकाळी गाडी पाठवतो. घरभर रांगेनं महालक्ष्म्या उभ्या, सगळ्यांची कपाळं कोरी. आत्याबाई पायात चप्पल घालून निघाल्या. "थांब, कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईला बोलावते."

"कुणाला बोलवायचं नाही," मी म्हटलं आणि लाल रंगाची बाटली उघडली. ब्रश बुडवला. त्यांनी येऊन माझं मनगट धरलं.

"तू न्हाई."

"का? मी पांढऱ्या पायाची म्हणून?" मी ओरडलेच. "तोंडानं म्हणा ना एकदा, लेकाला खाल्लं म्हणून!"

आत्याबाईंनी माझं मनगट सोडलं. मग चप्पल काढली, खाली बसल्या आणि माझ्या हातातला ब्रश काढून घेतला.

"लागलं पाप तर मला लागू दे. माझं आणखीन जायचं काय राहिलंय?"

पहिल्या टिकलीला ब्रश जास्तच भरला. रंग ओघळून नाकावर आला. पदरानं पुसायला गेल्या तर आणखी फासला. "बाई बाई बाई," त्या म्हणाल्या, "नाक फुटल्यागत दिसायली की गं ही!" मी हसले. त्याही हसल्या. लेक गेल्यापासून पहिल्यांदा. आणि हसता हसता दोघींच्या डोळ्यांना धार लागली. मग त्यांनी एकेक कपाळ हातात धरून, फुंकर घालत, सगळ्यांना कुंकू लावलं. बोटाला लागलेला लाल रंग त्यांनी बराच वेळ धुतला नाही. नाकावर ओघळ आलेली ती जोडी दुकानदारानं घेतली नाही, ती आमच्याकडंच राहिली.

सणाच्या आदल्या दिवशी जाऊ आली. मुखवटे गुंडाळायला नवा कोरा टॉवेल घेऊन आली होती. आत्याबाईंनी तिला चहा दिला, पोराबाळांचं विचारलं, आणि मग म्हणाल्या, "मुखवटे हितंच राहतील."

"मग आणणार कोण?"

"ही आणत होती, हीच आणंल."

"लोक काय म्हणतील, आत्याबाई?"

"लोकाला जेवायला बोलवू. पुरण तोंडात असलं की बोलता येत न्हाई."

जावेनं टॉवेलची घडी मांडीवर घेतली. मला वाटलं, आता ही रुसून उठणार. पण ती उठली आणि टॉवेल खुंटीला अडकवला. "मग मी बी राहते," म्हणाली. "सोळा भाज्या काय तुम्ही दोघीच चिरणार?"

दुसऱ्या दिवशी मी दाराबाहेर ताट घेऊन उभी राहिले. रांगोळीची पावलं उंबरठ्यापासून आतपर्यंत काढलेली, आराशीत पुढं ती ओघळलेल्या नाकाची जोडी मांडलेली. आतून कुणीतरी विचारायचं असतं. जाऊ पुढं झाली, तेवढ्यात तिला बाजूला सारून आत्याबाई आल्या. हाताला भाकरीचं पीठ तसंच. चुलीपाशी बसून ऐकलेले शब्द त्यांना तोंडपाठ होते.

"कोण आलं?"

"महालक्ष्मी आली."

"कशाच्या पायानं आली?"

सोन्याच्या पायानं, असं म्हणायचं असतं. दरवर्षी मी ते ठणकावून म्हणायची. त्या दिवशी शब्दच फुटेना. मीच ओरडून बोललेले ते पांढरे पाय डोळ्यांपुढं आले. "अक्का, म्हणा ना," जाऊ हळूच म्हणाली.

तेव्हा आत्याबाईंनी पिठाचे हात पुढं केले, ताटातला एक मुखवटा उचलून छातीशी धरला, आणि त्याच्याकडं न बघता माझ्याकडं बघत म्हणाल्या, "आपल्या घरी आपल्या पायानं आली. ये माय, आत ये."