पॅसेजमधलं वळण

आमच्या नव्या घरातून पहिली अंत्ययात्रा निघाली तेव्हा घराला अजून भिंती नव्हत्या, आणि लोक ज्याला उचलून नेत होते तो मी होतो. माझी प्रकृती त्या दिवशी उत्तम होती.

याचं कारण माझे वडील. ते गेल्या वर्षी गेले. जुनं घर लहान आणि वडिलांची खोली अगदी आत, पॅसेजच्या टोकाला. शवपेटी आणली तेव्हा ती रिकामी होती, म्हणून आम्ही ती वळणावर उभी करून सहज आत नेली. वडिलांना तिच्यात निजवल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की आता ती उभी करता येणार नाही! (मी ग्रंथपाल आहे; रिकामं कपाट वळणावरून जातं आणि भरलेलं अडतं, हे मला रोजचं. पेटी आत जाताना खरं तर मीच थांबवायला हवं होतं. पण मी दार धरून अदबीने उभा होतो.) शेवटी ती स्वयंपाकघरातून, मोरीच्या दाराने बाहेर काढली. आई पुढच्या ओट्यावर फुलं घेऊन उभी होती. तिच्यासमोरून वडील गेलेच नाहीत. त्याबद्दल ती कुणाला काही बोलली नाही.

ते घर पाडून त्याच वाडीत नवं बांधायचं ठरलं तेव्हा ती बोलली. नालासोपाऱ्याच्या इंजिनिअरने पाठवलेला नकाशा माझा धाकटा भाऊ पास्कल तिला फोनवर दाखवत होता.

"माझी खोली कुठली?"

"ही मागची. एकदम शांत. अटॅच्ड बाथरूम आहे, आई!"

"इथून मला पुढच्या दाराने नेता येईल?"

"नेता काय? तू रोज येशील-जाशील की."

"येण्याजाण्याचं नाही विचारत. नेण्याचं विचारतेय."

पास्कल माझ्याकडे बघू लागला. मी नकाशाकडे बघू लागलो.

"फोनमधलं मला कळत नाही," आई म्हणाली. "जमिनीवर आखा, नेऊन दाखवा, मग सही करते. वळणावर अडलं तर घर बांधूच नका. मी आपली भाड्याच्या खोलीत मरेन."

जमीन आईच्या नावावर. आणि आई एकदा बोलली की बोलली.

रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर आम्ही केळींपलीकडच्या मोकळ्या जागेत चुन्याची फक्की टाकून घर आखलं. आई काठी टेकत आली, उंबरठ्याच्या रेघेपाशी चपला काढल्या आणि आत गेली. पास्कल पाण्याची बाटली घेऊन सरळ तिच्याकडे निघाला.

"अरे, भिंतीतून काय येतोस? दाराने ये!"

तो परत गेला आणि दाराने आला.

मग शवपेटीऐवजी तेवढ्याच लांबीचा बाक आणला. पास्कल, त्याची बायको लीना आणि लीनाचे दोन भाऊ अशा चौघांनी तो आईच्या खोलीतून उचलला आणि वळणावरून अलगद बाहेर काढला. पास्कलने टाळी वाजवली.

"रिकामी त्या वेळीही गेली होती," आई म्हणाली. "कुणीतरी निजा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वडिलांच्याच उंचीचा, आणि नाही म्हणायची मला सवय नाही. मी निजलो. ऊन थेट डोळ्यांत येत होतं म्हणून लीनाने मायेने माझ्या तोंडावरून पांढरी चादर ओढली. इथे घात झाला.

मिस्सेहून परतणारी शेजारची फिलूमावशी कुंपणापाशी थांबली. तिला दिसली पांढरी चादर, चार माणसं आणि बाजूने काठी टेकत चाललेली माझी आई.

"अगं माझ्या देवा! मिंगेल गेला!"

मी उठायला गेलो.

"हलू नकोस!" आई ओरडली. "वळण आलंय!"

मी पुन्हा निजलो. (आता वाटतं, तिथेच उठलो असतो तर बरं झालं असतं.) लोक सगळे मिस्सेच्या कपड्यांत, हातात जपमाळा, कुणाला घरी जाऊन तयार व्हायचं नव्हतं. बघता बघता वाडी भरली. फिलूमावशीने गुडघे टेकून रोझरीची प्रार्थना सुरू केली. चादरीखाली मला माझ्याबद्दल ऐकू येऊ लागलं.

"शांत माणूस होता हो."

"शांत म्हणजे? होता की नाही ते कळायचंच नाही!"

"तो मेलेला नाही," आई चिडून म्हणाली. "माप घेतोय."

रोझरी थांबली. पण एकही माणूस घरी गेला नाही. उलट पुरुष मंडळी आत शिरली (सगळी भिंतींतून!) आणि आम्हालाच शिकवू लागली.

"चौघं कसली लावताय? सहा जण लागतात!"

सहा जण लागले. वळणावर बाक अडला. तिघांचे पाय रेघेवर, फक्की पुसलेली.

"ही मधली खोली कुणाची?" आईने विचारलं.

"दादाची," पास्कल म्हणाला. "पुस्तकांसाठी हवी म्हणाला."

"काढा ती."

त्या खोलीची मी कित्येक वर्षं वाट पाहिली होती. पण सहा जणांच्या हातांवर, चादरीखाली निजलेल्या माणसाला खोली मागता येत नाही. कुणाच्या तरी पायाने रेघ पुसल्याचा आवाज आला. बाक हलला, वळला आणि सरळ पुढे निघाला.

उंबरठ्याशी आई "थांबा" म्हणाली. सगळे थांबले. तिने चादरीवरून माझ्या छातीवर हात ठेवला. बराच वेळ. मी श्वाससुद्धा हळू घेतला.

"आता नीट चाललात," ती म्हणाली. मला ती कधीच अहोजाहो करत नाही.

मग ती पास्कलला म्हणाली, "आण तो कागद, कुठे सही करायची ते दाखव."

बाक खाली ठेवला. मी चादर बाजूला करून उठलो, तर समोर फिलूमावशी डोळे पुसत उभी.

"माझं सगळं रडणं फुकट घालवलंस मेल्या," ती म्हणाली. "पुढच्या वेळी खरोखर गेलास ना, तर तू स्वतः येऊन सांग. दुसऱ्या कुणाचं ऐकून मी रडायला यायची नाही."

मी म्हटलं, "बरं मावशी, येईन."