नाडीचे तीन आकडे

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे बंगळूरला, मारतहळ्ळीत राहतात. त्यांच्या हृदयाच्या गोळीने नाडी मंदावते, म्हणून ती रोज मोजा आणि साठच्या खाली गेली तर कळवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. साधी वही पुरली असती. पण लेक पडली प्रोग्रामर! जुन्या लॅपटॉपवर मी सी भाषेत दहा ओळी खरडल्या. बाबांनी सकाळी बोटाला यंत्र लावायचं, आकडा टाइप करायचा, की नोंद फाइलमध्ये.

रविवारी फाइल उघडली. अठ्ठावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न. डॉक्टर फोनवर म्हणाले, गोळी जास्त जात नाही ना, ते आधी बघा. झालं, माझा पारा चढला.

"बाबा, तुम्ही घेतलेली विसरता आणि पुन्हा घेता."

"नाही गं, एकदाच घेतो."

मी कुठली ऐकतेय! गोळ्या माझ्या कपाटात गेल्या. इथल्याच सरकारी कारखान्यात तीस वर्षं अचूक मापं घेतलेला माणूस रोज माझ्यापुढे हात करू लागला.

तरी आकडा हलेना. गुरुवारी मी शेजारी जाऊन बसले.

"स्वल्प थांब," बाबा म्हणाले. यंत्रावर बहात्तर आलं. त्यांनी सावकाश टाइप केलं, 072. फाइलमध्ये अठ्ठावन्न!

"पुढे शून्य कशाला?"

"नाडी शंभरावरही जाते ना? म्हणजे घरं तीन. कारखान्यात एकही घर रिकामं ठेवत नसू."

मी प्रोग्राम उघडला. आलेला आकडा कसा वाचायचा, हे scanf या आज्ञेला सांगताना मी %d ऐवजी %i लिहिलं होतं. %d पुढचं शून्य सोडून देतं आणि बहात्तरच वाचतं. %i मात्र पुढे शून्य दिसलं की दशकाचं घर दहाचं न धरता आठाचं धरतं. सात आठे छप्पन्न, वर दोन, अठ्ठावन्न.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी. एक अक्षर बदललं आणि बाबांना सगळं सांगितलं. नाडी ठीक होती, गोळीही एकदाच जात होती, चूक माझी होती. मला वाटलं, आता ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी विसरत नाहीये?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, बाबा."

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"चार दिवस उठल्या उठल्या आधी तुझ्या आईचा चेहरा आठवून बघत होतो. म्हटलं, तोही जातोय की काय."